बावीस नंबरची हजेरी

“बावीस नंबर तर वारले ना, सर?” नवी मुलगी म्हणाली, आणि म्हणताना तिच्या हातातला चहा जराही हिंदकळला नाही. हिंदकळला तो त्याच्या हातातला. नगररचना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या लांबरुंद खणांमधल्या अरुंद बोळात दोघं उभी होती. तिला आरेखक म्हणून रुजू होऊन चार दिवस झाले होते. तिच्या कापडी पिशवीवरचं चिन्ह, उघडं पुस्तक आणि त्यामागे डोंगराची एक रेघ, त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि चार दिवस न ओळखल्यासारखं केलं होतं. आज मात्र चहाबरोबर तोंडून निसटलं, “आमचंही तेच विद्यापीठ. भूगोल विभागच.” मग काय, पोरगी फुललीच. कुठलं वर्ष, तिने विचारलं. त्याने सांगितलं. “अगंबाई! तो वर्ग? सव्वीसच्या सव्वीस उभे राहिले तो? सर, तुमच्या वर्गामुळे आमचा विभाग आहे! तुमचा नंबर कितवा?” तिच्या डोळ्यांत एवढा उजेड होता की त्या उजेडात त्याला आपला आकडा लपवायला जागाच सापडली नाही. बावीस, तो म्हणाला. आणि मग ती ते म्हणाली.

“चुकत असेल माझं,” तो घाईने म्हणाला. “चौतीस वर्षं झाली. एकवीस असेन मी.” “एकवीस तर ते मिशीवाले काका. दरवर्षी येतात, पुढच्याच रांगेत असतात.” “मग नाही आठवत बुवा,” तो हसला, कप खिडकीत ठेवला आणि पूर्व उपनगराचा खण उगाचच ओढून त्यात वाकला. खणातून जुन्या कागदाचा आणि शाईचा वास आला. मुलगी मागेच उभी होती. तिची नजर त्याला पाठीवर कळत होती. “गेल्या वर्षी माइक घेऊन मीच फिरत होते ना,” ती हळूच म्हणाली, जणू पुरावा देत होती. “बावीस आला की तेवीस नंबरच्या बाई उठतात. आमच्या विभागप्रमुख होत्या त्या, यंदा निवृत्त झाल्या. त्या बावीसची ओ देतात, आणि लगेच पुढचा नंबर त्यांचाच, म्हणून खालीच बसत नाहीत. उभ्याउभ्या दोन हजेऱ्या. आम्ही त्यांना ‘डबल हजर’ म्हणायचो.” मग एकदम जीभ चावून, “म्हणजे, त्यांच्यामागे हं सर.” जाता जाता म्हणाली, “यंदा रविवारी आहे मेळावा. मला जमणार नाहीये.”

त्या विभागात नावापेक्षा आकडाच चालायचा. हजेरीपटावरचा आकडा पहिल्या दिवशी चिकटला की तो कायमचा. ‘ए सात, वही दे’, ‘तेराला ताप आलाय’, अशीच भाषा. आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची रीतही त्यातूनच निघालेली. भाषणं, हार, मानपत्रं काही नाही. जुने हजेरीपट कपाटातून निघतात, ते फडक्याने पुसले जातात, आणि एकेका वर्षाची हजेरी घेतली जाते. आला असेल तो ‘हजर’ म्हणतो. आला नसेल त्याच्या नावाने सगळे मिळून ‘गैरहजर’ ओरडतात, वर एखादी कोपरखळी. पण जो गेला, त्याच्यासाठी त्याच्या बाकावरचा सोबती उभा राहतो. हजेरी घेणारे मामा, विभागाचे जुने शिपाई, चष्म्यावरून बघत विचारतात, “कुणातर्फे?” सोबती आकडा सांगतो, आणि पटावर लाल शाईने हजेरी लागते. मेलेल्याची गैरहजेरी लागत नाही, हा त्या लोकांचा अभिमान. दुसऱ्या विद्यापीठांकडे म्हणे मोठमोठ्या इमारती असतात. आमच्याकडे आमची माणसं सगळी हजर असतात. हे सगळं त्याला एकविसाने कधीकाळी पत्राने कळवलं होतं. तो स्वतः एकाही मेळाव्याला गेलेला नव्हता. निमंत्रणं मात्र यायची, दरवर्षी, पिवळसर कार्डावर. मग कधीतरी थांबली. घर बदललं, पत्ता चुकला असेल, असं त्याने धरलं होतं. आज खणात वाकलेला असताना त्याला नीट कळलं. बारा वर्षांमागे ती थांबली होती. मेलेल्याला निमंत्रण कोण धाडतं?

संध्याकाळी बसमध्ये उभा असताना तो स्वतःकडे काचेत बघत राहिला. काचेतला माणूस रस्त्यावरच्या दुकानांवरून, दिव्यांवरून, कुणाच्या दारावरून सरकत चालला होता आणि कशालाही त्याचा धक्का लागत नव्हता. आपण कधी मेलो, याची तारीख कुणी ठरवली असेल? तेविसाने. दुसरं कोण. पण कशी म्हणाली असेल ती ‘हजर’? तिथेच तर सगळं अडत होतं. कारण त्याच्या नावाने ‘हजर’ म्हणण्याची तिची सवय जुनी होती. पहिल्या दोन वर्षांत तो पहाटे छापखान्यात खिळे जुळवायला जायचा, सकाळचा पहिला तास त्याला कधी मिळायचाच नाही, आणि ती तोंडावर रुमाल धरून, गळा जाड करून त्याची ओ द्यायची, मग रुमाल काढून आपली. “तुझा आवाज तुझ्यापेक्षा मलाच बरा जमतो,” म्हणायची. “तू पास झालास तर निम्मी पदवी माझी.” तसंच असेल का हे? मुलगा येईल, उशीर झालाय त्याला, तोवर मी सांभाळते, तसं? की पाटीवरचं पुसून टाकावं तसं, गेला बिचारा? एकाच तोंडातून निघालेला एकच शब्द. एका अर्थाने तो अजून तिच्या बाकावर होता, दुसऱ्या अर्थाने मातीत. आणि यांतलं खरं काय ते त्या बाईखेरीज कुणी सांगू शकत नव्हतं.

“मी मेलो तर काय करशील?” जेवताना त्याने बायकोला विचारलं. बायको औषधाच्या दुकानात हिशेबाला नव्हे, औषधं द्यायला होती. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिचे कान टणक झाले होते. “मरायच्या आधी सिलिंडर तेवढा लावून जा,” ती म्हणाली. “ती चावी माझ्याने फिरत नाही.” मग त्याच्या ताटाकडे बघून, “काय झालंय? पुन्हा छातीत जळजळ?” तो काही नाही म्हणाला. तिने उठून गोळी आणून ताटाशेजारी ठेवली. ती पांढरी, चपटी गोळी. अशा किती गोळ्या त्याने गेल्या तीस वर्षांत निमूट गिळल्या होत्या. पलीकडे टीव्हीवर कुणीतरी बुडत्या जहाजाबद्दल बोलत होतं. त्याने गोळी हातात घेतली आणि त्याला त्याची आई आठवली, मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांनी उंबऱ्यात बसून धान्य निवडताना गुणगुणणारी:

हाक आली दारापाशी, ओ देईना घरधनी
घर पुसे भिंतीला गं, आत आहे का कुणी

चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही हे कडवं त्याच्या कानात होतं. विद्यापीठाने भूगोल विभाग बंद करायचं ठरवलं होतं. मुलं थोडी, खर्च फार, इमारत परीक्षा विभागाला हवी. मग सव्वीस जण आत शिरले आणि चार दिवस आत राहिले. फळ्याखाली सतरंज्या, खडूची भुकटी केसांत, पृथ्वीगोलाला कुणाची तरी टोपी. तेवीस रात्री सगळ्यांना जगाच्या नकाशावर बोट ठेवून आंधळेपणाने प्रवास करायला लावायची: डोळे मीट, बोट ठेव, आता सांग, तिथल्या माणसाला आत्ता काय दिसत असेल? बावीसचं बोट नेहमी समुद्रात पडायचं. “तुला काय दिसणार,” ती हसायची, “पाणी!” आयुष्यातले तेवढे चार दिवस तो पुरता होता, असं त्याला आजही वाटायचं. हातापायासकट, आवाजासकट, कुठेही न सांडता. पाचव्या दिवशी कुलगुरूंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पोलीस नाहीत, आरडाओरडा नाही. फक्त मामांच्या हातात हजेरीपट दिला. “नंबर घ्या. जो आत होता त्याने ‘हजर’ म्हणावं. हजर म्हणेल त्याचं एक वर्ष जाईल. जो गप्प राहील तो आत नव्हता असं आम्ही धरू.” एवढं साधं. मामांनी पट उघडला. एक, गप्प. दोन, गप्प. तीन उभा राहिला. मग पुन्हा गप्प, गप्प. बावीसच्या खिशात त्याच दिवशी आलेलं नेमणुकीचं पत्र होतं, याच नगररचना कार्यालयाचं, वर्तणुकीचा दाखला जोडून पंधरा दिवसांत रुजू व्हावे. कागद छातीला लागत होता, टोचत होता, घामाने मऊ होत होता. आईचे डोळे. “बावीस,” मामा म्हणाले. त्याच्या शेजारी, दंडाला दंड लागून, तेवीस बसलेली. तिचा दंड गरम होता. तो सभागृहाच्या छताकडे बघत होता. तिथे एक पंखा बंद होता आणि त्याला कोळ्याचं जाळं होतं. “बावीस?” मामांनी पुन्हा विचारलं, आणि थांबले. वाट बघून थांबले. मग पानावर काहीतरी लिहिलं. “तेवीस.” तिचा दंड त्याच्या दंडापासून सुटला. “हजर.”

नऊ जण उभे राहिले होते. सव्वीस नव्हेत, नऊ. त्या नऊ जणांचं वर्ष गेलं आणि विभाग राहिला. नऊ पोरांचं वर्ष घेऊन वर इमारतही घ्यायची, हे कुलगुरूंनाही झेपलं नाही. पुढे वर्षामागून वर्षं नऊचे दहा झाले, पंधरा झाले, आणि सांगणाऱ्यांच्या प्रेमाने एक दिवस सव्वीसच्या सव्वीस. अभिमान असाच फुगतो, भिजत घातलेल्या दाण्यासारखा. आणि त्या फुगलेल्या दाण्यात एका जागी कीड होती: पुन्हा कधीच न फिरकलेला तो. ती तेविसाने लाल शाईने बुजवली होती. तिने त्याला मारलं म्हणून तो सव्वीसांत बसत होता.

हे सगळं त्याने शनिवारी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती, हात थांबले नाहीत. शेवटी एका उशीचा अभ्रा हातात धरून म्हणाली, “म्हणजे तीस वर्षं ही ॲसिडिटी नव्हती!” आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “अहो, मी किती गोळ्या घातल्या तुमच्या पोटात.” तिने अभ्रा घडीवर ठेवला. “जाणार आहात?” तिने विचारलं. “गेलो तरी पंचाईत आहे,” तो म्हणाला. “मी ओ दिली तर तिची बारा वर्षांची हजेरी खोटी ठरते. तिच्या विद्यार्थ्यांपुढे. तेव्हा गप्प बसलो होतो हे सांगितलं, तर त्या सगळ्यांची सव्वीसची गोष्टही मोडते. नाही दिली तर...” “नाही दिली तर तुम्ही नेहमीसारखेच,” बायको म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. किंवा होता, तिच्या टोमण्यालाही मायेचं अस्तर असायचं, आणि मायेला टोमण्याचं. “घरातसुद्धा हाक मारली की तुमची ओ दुसऱ्या हाकेला येते. मी लग्न झाल्या दिवसापासून दोनदा हाक मारते. मला वाटलं, कान हळू आहेत.”

रविवारी सकाळच्या गाडीने तो गेला. शहर सुटलं, कारखाने सुटले, मग नुसती सपाट जमीन आणि लांबवर तो डोंगर, पिशवीवर असतो तसा, एका रेघेचा. त्याला वाटलं होतं आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. फाटक तेच, पण रंग दुसरा. नीलगिरीची झाडं मात्र अवाढव्य वाढली होती आणि त्यांच्या वासाने एकदम नाक भरलं, ताप आलेल्या माणसाच्या खोलीसारखं. स्वागताच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, “काका, कुणाबरोबर आलात?” तो म्हणाला, “सहज.” मागच्या दाराशी भिंतीला टेकून तो उभा राहिला. सभागृह भरलं होतं. म्हातारे एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते, टकलांवरून हात फिरवत होते. “अरे अकरा, तू तर पार भोपळा झालास!” “आणि तू वाळलेला दोडका!” कुणी नातवंडाला वर उचलून दाखवत होतं, बघ, त्या बाकावर आजोबा बसायचे. ही माणसं खोटी नव्हती. त्यांचं सुख खोटं नव्हतं. त्याला वाटलं, निघून जावं. कुणाच्या भरल्या ताटात आपण माती का घालायची? दार तर पाठीशीच होतं.

मामा अजून तेच. नव्वदीला टेकलेले, हातात भिंग. एकेक वर्ष उलगडत गेलं. मग मामांनी एक पट उघडला आणि काही न सांगता सगळं सभागृह उठून उभं राहिलं. त्याच्या वर्षासाठी. तरुण पोरंसुद्धा. त्याच्या आजूबाजूला माणसं उभी झाली, आणि तो आधीच उभा असल्यामुळे कुणाला काही कळलं नाही. “एक.” “हजर.” “दोन.” “गैरहजर! परदेशी पळाला!” हशा. “सात.” “हजर.” “कुणातर्फे?” “सातातर्फे.” पेनची कुरकुर. मग सगळे बसले आणि तिसऱ्या रांगेत त्याला ती दिसली, पाठमोरी. आखूड कापलेले पांढरे केस, मानेवर एक तीळ, जो तेव्हाही होता. आकडे पुढे सरकत होते. “एकवीस.” मिशीवाल्याने हात उंच केला. “हजर, मामा! अजून तरी!”

“बावीस.”

ती उठू लागली. समोरच्या खुर्चीवर हात टेकून, गुडघा सांभाळत, सवयीने, एखादी बाई उकळी आली की गॅस बारीक करायला उठते तशी. तिने श्वास घेतलेला त्याला तिच्या खांद्यांवरून कळला.

“हजर.”

आवाज त्याचाच होता. फार मोठा नव्हता, पण दाराशेजारी भिंत होती आणि भिंतीने तो पुढे ढकलला. माना वळल्या. तिची वळली नाही. ती अर्धी उठलेली होती तशीच राहिली. मामांनी भिंग खाली केलं. “कुणातर्फे?” त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. त्यांना वाटलं असावं, भाऊ असेल, मेहुणा असेल.

“माझ्यातर्फे,” तो म्हणाला. “मी बावीस. त्या दिवशी मी याच सभागृहात बसलो होतो, मामा. तुम्ही दोनदा नंबर घेतला होता. मी गप्प राहिलो. नऊ जण उभे होते. सव्वीस नव्हते.”

कुणीतरी पुढून म्हणालं, “कोण हो हे?” मिशीवाला खुर्चीत वळला, डोळे बारीक करून बघत राहिला, आणि मग त्याच्या तोंडून निघालं, “अरे तिच्या! जिवंत आहे की!” एकदोघे हसले, बाकीचे हसले नाहीत. मागच्या पोरांमध्ये कुजबूज उठली, नऊ? नऊच? मामांनी पटावर बोट फिरवलं. बारा लाल खुणा असतील त्या ओळीत. त्यांनी वर बघितलं, त्याच्याकडे नाही, तिच्याकडे. “बाई,” ते म्हणाले, “खोडू?”

ती पुरती सरळ झाली. “पुढचा नंबर घ्या, मामा.”

“तेवीस.”

“हजर,” ती म्हणाली आणि बसली.

हजेरी संपून चहा सुटला तरी त्याच्याजवळ कुणी आलं नाही. मिशीवाला दोन पावलं आला, हात पुढे करावा की नाही ते त्याला ठरवता येईना, मग “उन्हाचा त्रास झाला असेल प्रवासात,” असं काहीतरी बोलून परत गेला. एक तरुण पोरगा मात्र रोखून बघत होता, आपल्या खिशातली एखादी मौल्यवान वस्तू याने चोरली आहे असा. तो बाहेर व्हरांड्यात आला. ती आधीच तिथे उभी होती, कठड्याला धरून, चहा न घेता.

“मला नीट सांग,” तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. चौतीस वर्षं मधे पडलीच नव्हती जणू. “माझी हजेरी देत होतीस ती कशी? पूर्वीसारखी, की...”

“मेला म्हणूनच,” ती म्हणाली. “तुला काय वाटलं, रुमाल धरत होते तोंडावर?” तिचा आवाज खरखरीत झाला होता, आयुष्यभर खडूत वावरलेला. “पहिली कितीतरी वर्षं तुझा नंबर आला की हे सगळे ‘गैरहजर’ ओरडायचे आणि हसायचे. मी पण. आणि घरी जाऊन आठ-आठ दिवस मला जेवण जायचं नाही. वर्ष गेलं त्याचं नव्हतं रे. वर्ष काय, गेलं. तू छताकडे बघत होतास, त्याचं होतं. माझ्याकडे बघून गप्प राहिला असतास तर चाललं असतं. मग बारा वर्षांमागे मामांनी बावीस म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. हजर. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि मला इतकं हलकं वाटलं. मेलेल्यावर काही राग धरता येत नाही. बारा वर्षं बरी गेली माझी.”

“मी येऊन चूक केली?”

“केलीस ना. आता मला पुन्हा पहिल्यापासून रागवावं लागणार.” तिने व्हरांड्यातला बाक हाताने झटकला आणि जपून बसली. “गुडघे गेलेत माझे, उभ्याने जमणार नाही. परतीची गाडी कितीची आहे तुझी?”

“आहे एक पाचला. ती गेली तर उद्या.”

“मग बस. आणि मधे बोलायचं नाही.”

तो बसला. दोघांमध्ये एका माणसाची जागा सुटली होती. आत कुणीतरी हसत होतं, कप वाजत होते. तिने डोंगराकडे बघत सुरुवात केली, अगदी त्या दिवशीच्या सकाळपासून, सतरंजी कुणी गुंडाळली तिथपासून. काहीही गाळलं नाही. प्रत्येक गोष्टीनंतर ती त्याच्याकडे वळून थांबायची, तो ऐकतोय का ते बघायला, आणि तो तिच्याकडे बघत म्हणायचा, “हो.”